तापलेले अंग निवविणे
(परिसर अभ्यासाच्या तासासाठी)

ठाण्याच्या शाळांतून १६ एप्रिल ही तारीख मुलांना आगगाडीमुळे ठाऊक असते. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास पोचली. त्याच तारखेची आणखी एक नोंद आता शिक्षकांनी मनात ठेवणे अगत्याचे झाले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नव्या मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर झाला. लाखो माणसे तेथे भर उन्हात कित्येक तास बसून होती. ऊन लागून त्यांतील १४ माणसे दगावली व पुष्कळांस रुग्णालयात ठेवावे लागले. त्या दिवशी त्या परिसरातील तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास नोंदले गेले होते.

विदर्भातील शिक्षकांस हा आकडा ऐकून नवल वाटणे साहजिक आहे. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लोक डोक्याला उपरणे गुंडाळून आपले व्यवहार उरकतात. मग ३८ अंशांची हवा इतकी घातक कशी ठरावी? उघड्यावर तासन् तास बसणे, दाटी, सावलीचा अभाव ही कारणे कोणासही दिसतात. जे डोळ्यांस दिसत नाही, ते म्हणजे कोकणपट्टीच्या हवेतील ओलावा. ही एक गोष्ट मुलांना नीट उमगली, म्हणजे ऊन लागलेल्या माणसाचे अंग घरी कसे निववावे, हे त्यांना निराळे पाठ करावे लागत नाही. ते ओघानेच समजते. यासाठी मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी, परीक्षेची घाई सुरू होण्यापूर्वी, परिसर अभ्यासाचे दोन तास या विषयास द्यावेत.

उदाहरणासाठी कोपरी घेऊ. ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, खाडीच्या कडेला वसलेले हे जुने गाव. मूळची वस्ती कोळी-आगऱ्यांची. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत येथे झाली, आणि पुढे चाळी, इमारती व पत्र्याची घरे यांनी सारा भाग भरून गेला. येथील शाळा महानगरपालिकेच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या नव्हेत. परंतु खाडीवरून येणारी हवा ही हद्द पाळीत नाही. भिवंडी, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांतील बहुतेक गावांत एप्रिलची दुपार कोपरीसारखीच असते, आणि सिमेंटच्या वा लोखंडी पत्र्याखालची खोली सर्वत्र सारखीच तापते.

भूगोलाच्या पाठातील खारे वारे आणि मतलई वारे येथे मुलांना प्रत्यक्ष अनुभवावयास मिळतात. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले म्हणजे पारा फार चढत नाही. ते उशिरा सुटले आणि तोवर पूर्वेकडचे, जमिनीवरून तापून आलेले वारे वाहत राहिले, की ठाण्याचा पारा झपाट्याने वर जातो. मग सायंकाळी खारे वारे येतात, पारा उतरतो, पण हवेत ओल भरते आणि अंगाची चिकचिक सुरू होते. भारतीय हवामान विभागही किनाऱ्याला निराळे माप लावतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश झाल्यावाचून उष्णतेची लाट धरीत नाहीत. किनाऱ्यावर मात्र ३७ अंश आणि नेहमीपेक्षा ४.५ अंशांची वाढ एवढ्यावर लाट मानली जाते.

आता ओलाव्याचे काम कसे चालते ते पाहू. मनुष्याचे शरीर सुमारे ३७ अंशांवर राहू पाहते. अन्न पचताना, स्नायू हलताना आत सतत उष्णता निर्माण होते. ती रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते व तेथून बाहेर पडते. बाहेरची हवा कातडीइतकी, म्हणजे सुमारे ३५ अंशांपर्यंत तापली, की नुसत्या हवेला उष्णता देऊन भागत नाही. मग घाम हा एकच मार्ग उरतो. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेतो. जो घाम थेंबाथेंबाने हनुवटीवरून गळून खाली पडतो, तो जवळजवळ काहीच नेत नाही. माठातले पाणी गार होते आणि पितळी घागरीतले होत नाही, याचे कारण मुलांना बहुधा सांगता येते; आपले अंगही एक माठच आहे, एवढे त्यास जोडून द्यावे.

यासाठी प्रयोग अगदी सोपा आहे. प्रयोगशाळेतील दोन तापमापके सावलीत शेजारी टांगावीत. (तापासाठी घरी वापरतात ते तापमापक येथे चालत नाही.) एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळावी व पुठ्ठ्याने तीन-चार मिनिटे दोहोंना वारा घालावा. ओल्या चिंधीचा पारा खाली उतरतो. तो किती उतरतो, यावरून त्या दिवशी घाम कितपत वाळेल, हे कळते. हवा ४४ अंशांची पण आर्द्रता अवघी १२ टक्के असेल, तर ओला पारा सुमारे २२ अंशांपर्यंत उतरतो. हवा ३८ अंशांची आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर तो सुमारे २९ अंशांवरच थांबतो. पहिली दुपार नागपूरची समजावी, दुसरी कोपरीची. कोरड्या पाऱ्याकडे पाहिले तर नागपूर अधिक कडक. ओल्या पाऱ्याकडे पाहिले तर कोपरी. विदर्भात घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर उत्तम चालतात आणि ठाण्यात तोच कूलर लावला तर खोली दमट होऊन कपडे-पापड सादळतात, हा अनुभव ज्या मुलांचे आप्त तिकडे असतील ती आपण होऊन सांगतील. तापमापके मिळाली नाहीत तर एक हात ओला व एक कोरडा धरून वारा घ्यावा. तेवढ्यानेही पाठ पुढे जातो.

कोपरीत मीठबंदर हे नाव अद्याप चालते. खाडीकाठच्या मिठागरांत उन्ह आणि वारा यांच्या बळावर खारे पाणी आटवून मीठ पिकवीत. आगरी हे नावच आगरावरून आले, असे मानतात. पाणी आटण्यास ऊन जितके लागते तितकाच वाराही लागतो, हे मिठागरात राबलेल्या वृद्धांकडून मुलांना ऐकावयास मिळाले, तर पुस्तकातील चार परिच्छेदांचे काम होते.

याप्रमाणे पाया घातल्यावर मुख्य विषयाकडे वळावे.

ऊन लागण्याच्या पायऱ्या असतात. पोटऱ्यांत गोळे येणे, फार घाम, डोके दुखणे, मळमळ, भोवळ, गळून जाणे, ही अलीकडची पायरी. अशा माणसास सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा व घोट घोट पाणी पाजावे. अर्ध्या-पाऊण तासात त्यास हुशारी वाटू लागते. तशी ती वाटली नाही किंवा उलट्या होतच राहिल्या, तर दवाखाना गाठावा.

पलीकडची पायरी म्हणजे उष्माघात. तीत शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदू बिघडू लागतो. जुन्या पुस्तकांतून ‘घाम थांबतो व कातडी कोरडी पडते’ ही उष्माघाताची खूण दिलेली असते. ती खूण शिकवताना सावध राहावे. ऊन्हात कष्ट करताना कोसळलेल्या माणसाचे अंग पुष्कळदा घामाने निथळत असते, आणि कोपरीसारख्या दमट जागी तर घाम वाळतच नसल्याने कातडी ओलीच दिसते. अंग कोरडे नाही म्हणून उष्माघात नाही, असे समजून लोक स्वस्थ बसतात आणि वेळ दवडतात. खरी खूण डोक्याची आहे. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, ओळख विसरतो, त्यास झटके येतात किंवा तो हाकेस ओ देत नाही. तीन प्रश्न विचारावेत: नाव काय? आपण कोठे आहोत? आता सकाळ की दुपार? उत्तरे चुकू लागली आणि अंग भाजत असेल, तर पुढचा विचार करीत बसू नये. हे तीन प्रश्न तिसरीतील मुलासही विचारता येतात.

येथून पुढे एकच क्रम ध्यानात धरावा: आधी थंड करणे, मग नेणे. कोणी कोसळला की त्यास उचलून रिक्षात घालावयाचे आणि दवाखान्याकडे धाव घ्यावयाची, अशी सर्वांची धाटणी असते. त्यात माया असते, परंतु रिक्षा मिळेपर्यंत, वाहतुकीतून वाट काढेपर्यंत, केसपेपर निघेपर्यंत मेंदू, यकृत व मूत्रपिंडे तापतच राहतात. किती अंशांपर्यंत ताप चढला, यापेक्षा तो किती वेळ टिकला, यावर पुष्कळ अवलंबून असते. पहिला अर्धा तास मोलाचा. म्हणून एकाने १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने बादलीकडे जावे. अमेरिकेत फाल्मथ येथे दरवर्षी उन्हाळ्यात मोठी धावण्याची शर्यत भरते. तेथे उष्माघात झालेल्या धावपटूंना शर्यतीच्या शेवटीच मांडलेल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ताबडतोब बसवितात. १८ वर्षांतील अशा २७४ रुग्णांचा हिशेब पुढे प्रसिद्ध झाला. त्यांतील एकही दगावला नव्हता. ही माणसे बहुतेक धडधाकट होती, हे खरे. तथापि उपचार जागच्या जागी झाला, हेही तितकेच खरे.

या ठिकाणी शिक्षकांस घरोघरच्या एका समजुतीशी गाठ घालावी लागेल. ‘तापल्या अंगावर गार पाणी घालू नये, सर्दगरम होते,’ असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. उन्हातून आलेल्या पाहुण्यास दारात लगेच तांब्याभर पाणी न देता आधी बसवावे, गुळाचा खडा द्यावा, मग पाणी, ही चाल याच विचारातली. साध्या दमलेल्या माणसाच्या बाबतीत ती वाईट नाही. दोन क्षण सावलीत बसल्याने श्वास जागेवर येतो, आणि गुळाने थोडी तरतरी येते. वर्गात या चालीची टवाळी करू नये. मुले घरी जाऊन आजीला ‘तुझे सगळे चूक’ असे सांगू लागली, की आजी उरलेलेही ऐकत नाही.

परंतु शुद्ध हरपत चाललेल्या माणसास ही समजूत मारक ठरते. पाणी हाताशी असून नातलग त्याच्या अंगावर ते ओतण्यास धजत नाहीत. कोणी तो ताप समजून गोधडी पांघरतात, कोणी तापाची गोळी देतात. जंतूंमुळे येणारा ताप आणि उन्हाने चढलेली उष्णता या दोन भिन्न गोष्टी आहेत. तापात शरीर आपणच आपली पातळी वर नेते. गोळी ती पातळी खाली आणते. उष्माघातात पातळी जागेवरच असते, उष्णता बाहेर पडण्याची वाट तेवढी तुंबलेली असते. तेथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग होत नाही, उलट आधीच भाजलेल्या यकृतावर भार पडतो.

सर्दगरमाच्या भीतीला वैद्यकातही एके काळी आधार होता. अतिथंड पाण्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते व उष्णता आतच कोंडते, असे मानून कोमट पाण्याने अंग पुसण्याचा सल्ला पुस्तकांतून दीर्घकाळ दिला जात असे. रक्तवाहिन्या आकसतात हे खोटे नाही. पण अंगाला सर्व बाजूंनी लागलेले थंड पाणी त्याहून कितीतरी अधिक उष्णता ओढून घेते, असे अनुभवाने सिद्ध झाले आहे. तरी तारतम्य हवेच. धट्टाकट्टा तरुण मजूर उन्हात कोसळला, तर बर्फाचे पाणी निःशंक वापरावे. सत्तरीची, हृदयविकार असलेली आजी पत्र्याच्या खोलीत निपचित सापडली किंवा तान्हे मूल असले, तर नळाचे साधे पाणी आणि भरपूर वारा हे अधिक बरे.

कोपरीतील एखाद्या चाळीत दुपारी दोन वाजता असा प्रसंग ओढवला तर काय काय हाती असते? न्हाणीतील पिंप, नळाचे पाणी, एखादे पंचे-चादरींचे बोचके, पंखा, आणि शेजारच्या घरी फ्रीज. रुग्णास पत्र्याखालून काढून जिन्याखाली, ओटीवर किंवा झाडाखाली आणावे. बाहेरचे कपडे उतरवावेत. लाज राखण्यापुरते ओले पातळ कापड पुरे. डोके, मान, छाती, पोट, मांड्या यांवर तांब्याने पाणी ओतीत राहावे. हात थांबवू नये. दुसऱ्याने वारा घालावा. विजेचा पंखा असेल तर उत्तम, नसेल तर सूप, पुठ्ठा, वर्तमानपत्र, काहीही चालते. मात्र कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडून समाधान मानू नये. हवा कातडीपेक्षा अधिक तापलेली असेल, तर कोरड्या अंगावरचा वारा भट्टीच्या भात्यासारखा उष्णता आत लोटतो. अंग ओले असले, तरच तो उष्णता नेतो.

मक्केच्या यात्रेत उष्माघात झालेल्या यात्रेकरूंसाठी १९८० च्या सुमारास असाच एक उपाय योजला गेला. रुग्णास जाळीच्या खाटेवर निजवून त्याच्या अंगावर थंड पाण्याचे बारीक तुषार सोडीत आणि वरून उबदार हवेचा झोत देत. पाणी झरझर वाळून अंग निवत असे. मक्केची हवा कोरडी असल्याने तेथे हे तुषार पुरतात. ठाण्याच्या खाडीकाठी नुसते ओले फडके कपाळावर ठेवले तर ते काही मिनिटांत अंगाइतकेच गरम होते व पुढे वाळतही नाही. म्हणून कोपरीकरांनी वाळण्यावर सारी भिस्त न ठेवता पाणी ओतावे, आणि ओली चादर लपेटलीच तर ती दर दोन-तीन मिनिटांनी बदलावी. जुनी चादर अंगावर तशीच राहिली, तर ती पांघरुणाचे काम करू लागते.

बर्फासाठी औषधाच्या दुकानाकडे धावण्याची गरज नाही. कोळीवाड्यात व मासळी-बाजारात मासळीच्या टोपल्यांत बर्फ असतो. तो पिण्यास कामाचा नाही, पण पंचात बांधून मानेच्या दोन्ही बाजूंस, काखांत व जांघांत ठेवण्यास अगदी योग्य. या जागी मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळून जातात. बर्फ उघडा कातडीवर दाबून धरू नये. अशा पुरचुंड्या एकट्या पुरत नाहीत. पाणी आणि वारा चालू ठेवून त्यांची जोड द्यावी. गावाकडे दुसरी एक सोय असते ती ताडपत्रीची. सहा जणांनी ताडपत्रीच्या कडा उचलून धराव्यात, मध्ये रुग्णास निजवावे, पाणी व असेल तेवढा बर्फ ओतावा आणि ताडपत्री हळूहळू डोलवावी. टबाचे काम होते. डोके मात्र एकाने पाण्याबाहेर धरून ठेवलेच पाहिजे. शुद्ध नसलेल्या माणसाला विहिरीत किंवा तळ्यात उतरविण्याचा विचारही करू नये. असे सल्ले देणारा कोणी ना कोणी गर्दीत असतोच.

माणूस नीट बोलू लागला, प्रश्नांची उत्तरे देऊ लागला किंवा त्यास हुडहुडी भरू लागली, म्हणजे ओतणे थांबवावे व अंग टिपावे. काखेतल्या तापमापकावर भरवसा ठेवू नये. गार पाणी ओतलेल्या अंगाची काख आतल्या उष्णतेची खबर देत नाही. बरे वाटले तरी दवाखान्यात न्यावेच, कारण यकृत व मूत्रपिंडांची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. वाटेत वाहनाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ओले फडके व पाण्याची कळशी बरोबर घ्यावी. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवून न्यावे.

हे सारे पाणी मुबलक असलेल्या वस्तीपुरते झाले. शहापूर तालुक्यातील शिक्षक येथे थांबून विचारतील की, पाण्याचे काय? त्यांचे विचारणे रास्त आहे. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचे पाणी मुंबई-ठाण्याकडे जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट पाहावी लागते. तेथे एका बादलीत काय साधेल?

याचा हिशेब वरच्या वर्गांतील मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. शरीराच्या एक किलो वजनाचे तापमान एक अंशाने उतरविण्यास सुमारे ०.८३ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ३० किलो वजनाच्या मुलाचे अंग दोन अंशांनी उतरवावयाचे तर सुमारे ५० किलोकॅलरी. विहिरीचे पाणी २८ अंशांचे धरले आणि ते अंगावरून जाताना ३८ अंशांपर्यंत तापले असे मानले, तर त्यासाठी ५ लिटर पाणी लागेल. प्रत्यक्षात पाणी इतके तापण्याआधीच ओघळून जाते, म्हणून दुप्पट-तिप्पट धरावे. तरी ते एका बादलीत बसते. आणि तेच पाणी अंगावर वाळले, तर? दर ग्रॅमास ५८० कॅलरी या मानाने अवघे ८६ ग्रॅम पाणी पुरते, म्हणजे अर्धा पेला. शरीर आतून उष्णता निर्माण करीतच असते, म्हणून हा हिशेब ठोकताळ्याचाच समजावा. पण त्यातून एक व्यवहार निघतो. खाडीपासून दूरच्या, कोरड्या हवेच्या पाड्यावर पाणी भडाभडा ओतून संपवू नये; पातळ फडके भिजवून सर्वांगावर पुनःपुन्हा फिरवावे आणि चार माणसांनी जोराने वारा घालावा. रुग्णाखाली घमेले किंवा ताडपत्री ठेवून ओघळलेले पाणी पुन्हा वापरावे. पिण्याचे पाणीच लागते असे नाही. गुरांच्या डोणीतले, कपडे धुतलेले पाणीही अंगावर घालता येते. त्याची घाण पुढे साबणाने निघेल. कोपरीत पाणी खर्चावे, पाड्यावर वारा खर्चावा.

आता पिण्याविषयी. शुद्धीवर असलेल्या, गिळू शकणाऱ्या माणसासच पाजावे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालणे धोक्याचे आहे. ते श्वासनलिकेत जाते. घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातात, म्हणून नुसत्या पाण्याचे तांबेच्या तांबे रिचविण्यापेक्षा क्षारसंजीवनी बरी. तिचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप मुलांना वर्गात प्रत्यक्ष करून दाखवावे, कारण ‘सपाट’ या शब्दाकडे घरी कोणी लक्ष देत नाही आणि मीठ शीग लावून पडते. कैरीचे पन्हे, मीठ-जिरे घातलेले पातळ ताक, कोकमाचे सरबत ही कोकणची पेये या कामी उपयुक्तच आहेत. ती रोज दुपारी घरात असावीत. ऊन लागल्यावर कैऱ्या उकडत बसण्यात अर्थ नाही. खिशात कांदा ठेवण्याची किंवा तळपायांस कांद्याचा रस चोळण्याची रूढीही पुष्कळ घरांत आहे. कांद्याने अपाय नाही. तो चिरण्यात व किसण्यात जी दहा मिनिटे जातात, त्यांचा अपाय आहे.

ऊन लागलेला माणूस उन्हात गेलेलाच असतो, असेही नाही. पत्र्याखालच्या बंद खोलीत एकटे पडून असलेले वृद्ध, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार, मानसिक आजारावर किंवा रक्तदाबावर औषधे घेणारे, तसेच दारू प्यालेले लोक घरबसल्या या फेऱ्यात सापडतात. यांतील काही औषधांनी घाम कमी होतो, काहींनी शरीरातील पाणी. औषधे मनाने बंद करावयाची नसतात. दुपारी त्या माणसाकडे दोनदा डोकावून यावयाचे असते. आपल्या आळीत असे कोण कोण आहे, हे प्रौढांपेक्षा मुलांना अधिक ठाऊक असते. त्यांच्याकडून ती माहिती तोंडी घ्यावी आणि कोणी कोणाकडे डोकावयाचे, ते ठरवून द्यावे. सुटी लागल्यावरही मुले हे काम आनंदाने करतात.

दुसऱ्या तासाचा शेवट अंगणात करावा. एका मुलाने झाडाखाली कोसळल्याचे सोंग घ्यावे, बाकीच्यांनी उपचार करावा, आणि शिक्षकांनी घड्याळ धरून एवढेच मोजावे की, तो पडल्यापासून अंगावर पहिले पाणी पडेपर्यंत किती वेळ गेला. पहिल्या खेपेस मुले बहुधा त्याच्याभोवती गोळा होतात, कोणी त्यास हलवून पाहते, कोणी गुरुजींना शोधावयास धावते, आणि बादली जागची हलत नाही. तो आकडा फळ्यावर लिहावा. मग पुन्हा करावे. दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेस एक मुलगी हाक मारावयास जाते, दुसरी तीन प्रश्न विचारते, आणि तिसरा विचारण्याची वाट न पाहता हौदाकडे पळतो.